शेजारच्या खात्यात मात्र उघडते!

एकच संगणक. त्यावर बसवलेला एकच पीडीएफ वाचणारा प्रोग्रॅम. सकाळच्या पाळीतला कारकून आपल्या खात्यातून लॉगिन करतो आणि फाइल नीट उघडते. दुपारी त्याच खुर्चीवर त्याची सहकारी येऊन बसते, स्वतःच्या खात्यातून तीच फाइल उघडते. खिडकी क्षणभर चमकते आणि प्रोग्रॅम बंद पडतो. प्रोग्रॅम काढून नव्याने बसवला जातो. सकाळी पुन्हा सारे सुरळीत, दुपारी पुन्हा तेच.

यंत्र बिघडले म्हणावे, तर सकाळी ते चालत होते. फाइल बिघडली म्हणावे, तर शेजारच्या खात्यात ती उघडते. मग सगळ्यांची बोटे दुपारच्या पाळीतल्या त्या बाईंकडे वळतात: ‘तुम्ही काहीतरी केले असेल.’ बहुतेक वेळा त्यांनी काहीही केलेले नसते. या बिघाडाची कुंडली जुनी आहे. तिचा आरंभ १९६१ साली झाला आणि तिच्यातले दोन मुख्य ग्रह १९९३ च्या एकाच उन्हाळ्यात एका राशीला आले.

#थ्रेड

आरंभ अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत. त्या काळी संगणक म्हणजे खोलीभर पसरलेले, लाखो डॉलर किमतीचे यंत्र. संशोधकाने आपला प्रोग्रॅम छिद्रांच्या कार्डांवर उतरवायचा, कार्डांचा गठ्ठा खिडकीवर द्यायचा आणि उत्तरासाठी तासन् तास थांबायचे, ही रीत. फर्नांडो कोर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोव्हेंबर १९६१ मध्ये ‘सीटीएसएस’ या प्रणालीचे प्रात्यक्षिक दाखवले. यंत्राचा वेळ बारीक तुकड्यांत वाटायचा आणि अनेकांनी एकाच वेळी आपापल्या टंकयंत्रासारख्या टर्मिनलवर बसून काम करायचे, अशी ती कल्पना होती. प्रत्येकाला वाटावे, यंत्र आपले एकट्याचेच आहे.

यंत्र एक आणि माणसे अनेक झाल्यावर ‘कोणाचे काय’ हा प्रश्न आलाच. प्रत्येकाच्या फाइली वेगळ्या हव्या, प्रत्येकाच्या वाट्याचा वेळ मोजला जायला हवा. म्हणून खाते आले आणि खात्यामागोमाग पासवर्ड आला. पासवर्ड आला तसा तो चोरणाराही आला. १९६२ मध्ये ॲलन शेर या संशोधक विद्यार्थ्याला आठवड्याचे चार तास अपुरे पडू लागले. त्याने पासवर्डांची फाइल छापून मागणारे कार्ड यंत्राला दिले आणि सगळ्यांच्या पासवर्डांची यादी हातात पाडून घेतली. पुढे कित्येक वर्षांनी त्याने स्वतःच ही कबुली दिली.

या धाग्यासाठी मात्र त्याच प्रणालीवर घडलेला दुसरा प्रसंग अधिक मोलाचा आहे. पुढे ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात कोर्बातो यांनी तो सांगितला. एका दुपारी जो कोणी लॉगिन करी, त्याच्या टर्मिनलवर रोजच्या सूचनेऐवजी सर्व वापरकर्त्यांच्या पासवर्डांची संपूर्ण यादी टंकली जाऊ लागली. हल्ला कोणी केला नव्हता. मजकूर संपादित करणारा प्रोग्रॅम काम करताना एक तात्पुरती फाइल तयार करी आणि तिचे नाव ठरलेले, कायम एकच असे. एका खात्याच्या जागेत एका वेळी एकच माणूस काम करणार, हे त्यात गृहीत होते. सामान्य वापरकर्त्यांच्या बाबतीत ते खरेही होते. व्यवस्थापकांचे खाते मात्र सामायिक होते. त्या दुपारी एक व्यवस्थापक रोजची सूचना बदलत होता, दुसरा पासवर्डांची फाइल. दोघांच्या तात्पुरत्या फाइलींचे नाव एकच. अदलाबदल झाली आणि गुपित चव्हाट्यावर आले.

या प्रसंगाकडे नीट पाहावे. प्रोग्रॅम बिनचूक होता, यंत्र धड होते, दोन्ही माणसांनी आपापले काम योग्य रीतीने केले होते. चूक होती ती ‘येथे मी एकटाच आहे’ या प्रोग्रॅमच्या समजुतीत. दुपारच्या पाळीतल्या बाईंच्या तक्रारीचा मूळ पुरुष शोधायचा, तर तो इथे सापडतो.

सीटीएसएसच्या अनुभवातून मल्टिक्स ही महत्त्वाकांक्षी प्रणाली आकाराला येऊ लागली. बेल लॅब्स ही प्रयोगशाळा १९६९ मध्ये त्या प्रकल्पातून बाहेर पडली आणि तिथल्याच केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनी युनिक्स घडवली. युनिक्समध्ये प्रोग्रॅम सगळ्यांसाठी एका ठिकाणी ठेवलेला असे आणि प्रत्येक वापरकर्त्याला स्वतःची एक जागा मिळे. तिला ‘होम’, म्हणजे घरच म्हणत. प्रोग्रॅमला एखाद्याची आवडनिवड लक्षात ठेवायची असेल, तर ती त्या माणसाच्या घरात लिहून ठेवायची, अशी प्रथा पडली.

या प्रथेमागे एक गमतीदार अपघात आहे. फाइलींची यादी दाखवणाऱ्या ‘एलएस’ या आज्ञेने ‘.’ आणि ‘..’ या दोन तांत्रिक नोंदी वगळाव्यात, एवढाच हेतू होता. लिहिणाऱ्याने नावाचे फक्त पहिले अक्षर तपासले. परिणामी टिंबाने सुरू होणारी कोणतीही फाइल यादीतून अदृश्य होऊ लागली. मग प्रोग्रॅम आपल्या नोंदी अशाच टिंबाच्या फाइलींत ठेवू लागले. बेल लॅब्समधील रॉब पाइक यांनी पुढे ही हकीकत सांगताना तिला चूकच म्हटले. ती चूक आजही प्रत्येक लिनक्स यंत्रावर नांदते आहे. प्रोग्रॅमची स्मृती माणसाच्या घरात, पण त्याच्या नजरेआड ठेवण्याची ही रीत तेव्हापासूनची. जी फाइल दिसतच नाही, ती बिघडली आहे असा संशय तरी कोणाला यावा?

ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमचा पर्सनल कॉम्प्युटर आला आणि वीस वर्षांत कमावलेले हे शहाणपण बाजूला पडले. नावातच ‘पर्सनल’. त्यावरच्या डॉसमध्ये वापरकर्ता ही संकल्पनाच नव्हती. बटण दाबणारा तो मालक. खाते नाही, घर नाही, कुलूप नाही. प्रोग्रॅम आपल्या नोंदी स्वतःच्याच फोल्डरमध्ये लिही, वाटले तर यंत्राच्या सामायिक फाइलींतही लिही. पुढे विंडोज आले तरी ‘विन.आयएनआय’सारख्या फाइलींत साऱ्यांच्या सेटिंग्ज एकत्रच असत. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांची एक आख्खी पिढी या वातावरणात वाढली. त्यांच्या लेखी यंत्र म्हणजे एकखणी घर, आणि आत राहणारा एकच.

आता दुसरी धारा, कागदाची.

जॉन वॉर्नॉक आणि चार्ल्स गेश्की हे दोघे झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात पानाचे वर्णन करणारी भाषा घडवत होते. कंपनी ती बाजारात आणण्याची चिन्हे दिसेनात, तेव्हा दोघे बाहेर पडले आणि १९८२ मध्ये त्यांनी अडोबी स्थापन केली. वॉर्नॉक यांच्या घरामागून वाहणाऱ्या ओढ्याचे नाव कंपनीला मिळाले. त्यांची पोस्टस्क्रिप्ट ही भाषा १९८५ मध्ये ॲपलच्या लेझररायटर छपाईयंत्रात बसली आणि छपाईचा धंदा टेबलावर आला.

तरीही एक दुखणे उरले होते. छापलेले पान सगळीकडे सारखे दिसे. पडद्यावरचे पान मात्र यंत्र बदलले की बदले. टंक वेगळा, ओळी वेगळ्या जागी तुटलेल्या, तक्ते विस्कटलेले. १९९१ च्या सुमारास वॉर्नॉक यांनी ‘कॅमेलॉट’ नावाचे एक छोटे टिपण लिहिले. कोणत्याही प्रोग्रॅममधला दस्तऐवज कोणत्याही यंत्रावर पाठवता यावा आणि तो जसाच्या तसा दिसावा व छापता यावा, हे त्याचे सार. त्यातून पीडीएफ जन्मले आणि जून १९९३ मध्ये ॲक्रोबॅट या नावाने बाजारात आले.

हे वचन मराठी लेखकांना व मुद्रकांना इतरांहून अधिक कळले असेल. पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅकने भारतीय लिप्यांसाठी तंत्र आणि टंक पुरवले. अन्य कंपन्यांचेही देवनागरी टंक आले. पण युनिकोड रुळण्यापूर्वी प्रत्येक टंकाची सांकेतिक रचना निराळी होती. तो विशिष्ट टंक समोरच्या यंत्रावर नसला, की मजकुराच्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसे. पीडीएफमध्ये टंक दस्तऐवजाच्या पोटातच घालून पाठवता येऊ लागला. अंकाचे पान पुण्यात जसे जुळवले तसेच नागपुरात उघडू लागले. त्या जुन्या पीडीएफमधला मजकूर आज उचलून दुसरीकडे चिकटवला तर तोच काला पुन्हा बाहेर पडतो, तो त्या काळाचा अवशेष.

वाचण्याचा प्रोग्रॅम प्रारंभी विकत मिळे. त्याची किंमत ५० डॉलर होती. पत्र फुकट आणि चष्मा विकत, असा तो व्यवहार होता. तो चालला नाही. थोड्याच काळात रीडर मोफत झाला, अमेरिकेच्या करखात्यासारख्या संस्थांनी आपले नमुने या स्वरूपात देण्यास आरंभ केला, आणि पीडीएफ सर्वत्र पसरले. २००८ मध्ये ते आंतरराष्ट्रीय मानकही ठरले.

ज्या उन्हाळ्यात ॲक्रोबॅट आले, त्याच उन्हाळ्यात, जुलै १९९३ मध्ये, मायक्रोसॉफ्टने विंडोज एनटी प्रसिद्ध केली. तिचे शिल्पकार डेव्हिड कटलर. डिजिटल इक्विपमेंट या कंपनीत त्यांनी मोठ्या, बहुवापरकर्ता यंत्रांसाठी व्हीएमएस घडवली होती. त्यांनी खाते, मालकी, परवानगी या साऱ्या गोष्टी छोट्या यंत्रावर परत आणल्या. एकखणी घरात भिंती उभ्या राहिल्या. एका महिन्यात ‘दस्तऐवज सगळीकडे सारखाच दिसेल’ असे वचन बाजारात आले. दुसऱ्या महिन्यात ‘प्रत्येक माणसाचे जग वेगळे असेल’ अशी व्यवस्था आली. त्या वेळी या दोहोंचा एकमेकांशी संबंध आहे, असे कोणाच्या ध्यानीमनीही नव्हते.

एनटीने सेटिंग्जसाठी रजिस्ट्री हे मोठे कोठार उभारले आणि त्याचे खण पाडले. ‘लोकल मशीन’ या खणात यंत्राच्या, म्हणजे सर्वांच्या सामायिक नोंदी. ‘करंट यूजर’ या खणात त्या क्षणी लॉगिन असलेल्या माणसाच्या नोंदी. हा दुसरा खण प्रत्येक खात्यासाठी स्वतंत्र फाइलीत साठतो आणि साधारणपणे तो माणूस लॉगिन करतो तेव्हाच कोठाराला जोडला जातो. तसेच प्रत्येक खात्याला एक लांबलचक ओळखक्रमांक मिळाला. व्यवस्थेच्या लेखी तोच खरा माणूस. नाव केवळ पाटीसारखे. खाते पुसून त्याच नावाने नवे केले, तरी क्रमांक नवा पडतो आणि जुन्या फोल्डरची दारे त्या ‘त्याच’ माणसाला उघडत नाहीत.

प्रोग्रॅम काढून पुन्हा बसवल्याने दुपारच्या बाईंची अडचण का सुटत नाही, याचे उत्तर या रचनेत आहे. पुन्हा बसवताना बदलतो तो सामायिक भाग. माणसाच्या घरातल्या नोंदींना हात लावायचा नाही, हा शिष्टाचार बहुतेक प्रोग्रॅम पाळतात, कारण उद्या तोच प्रोग्रॅम परत आला तर माणसाला आपली मांडणी परत मिळावी. शिवाय जो माणूस त्या क्षणी लॉगिन नाही, त्याचा खण जोडलेलाच नसतो. तंत्रज्ञ आपल्या खात्यातून प्रोग्रॅम दहा वेळा बसवतो. बिघडलेली नोंद भिंतीपलीकडे सुखरूप राहते.

पहिली काही वर्षे भिंतींचा जाच फारसा कोणाला झाला नाही. घरोघरी एनटी नव्हतीच, विंडोज ९५ होती. तिच्यावर पासवर्ड विचारणारी चौकट येई आणि ‘कॅन्सल’ दाबले की माणूस आत जाई! कुलूप असे, भिंत नसे. भिंती होत्या त्या महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत आणि मोठ्या कार्यालयांत. तिथे माणसाबरोबर त्याचे घरही फिरू लागले: लॉगिन करताना सर्व्हरवरून त्याचे प्रोफाइल यंत्रावर उतरायचे आणि बाहेर पडताना परत चढायचे. मध्येच वीज गेली, जाळे तुटले किंवा ठरवून दिलेली जागा भरली, की घर अर्धेच परत जाई. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या यंत्रावर बसलेल्या माणसापुढे ते अर्धे घर उभे राही.

२००१ च्या ऑक्टोबरात विंडोज एक्सपी आली आणि घरगुती व कार्यालयीन या दोन्ही धारा एनटीच्या पायावर एक झाल्या. आता प्रत्येक घरी खाती आली. पण एकखणी घरात वाढलेले प्रोग्रॅम सुधारले नव्हते. ते अजून स्वतःच्या फोल्डरमध्ये, सामायिक खणात, वाटेल तिथे लिहीत. ते चालावे म्हणून घरोघरी जवळजवळ प्रत्येक खाते ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ असे. सगळेच मालक असल्यावर भिंतींना काय अर्थ? मर्यादित अधिकारांचे खाते काढणाऱ्या सावध माणसाला मात्र शिक्षा होई: त्याच्याच खात्यात प्रोग्रॅम कोसळत.

२००७ च्या आरंभी व्हिस्टा सर्वांसाठी बाजारात आली आणि मायक्रोसॉफ्टने ही सवय मोडायचे ठरवले. मालकालाही पदोपदी परवानगी विचारली जाऊ लागली. लोक त्या चौकटींना कंटाळले. पण त्याच वेळी पडद्याआड केलेली एक तडजोड इतिहासाच्या दृष्टीने अधिक रंजक आहे. जुना प्रोग्रॅम सामायिक फोल्डरमध्ये लिहायला गेला, तर व्यवस्था त्याला नकार देत नसे. ती त्याचे लेखन गुपचूप त्या माणसाच्या घरातील ‘व्हर्च्युअलस्टोअर’ या फोल्डरकडे वळवी आणि प्रोग्रॅमला भासवी की काम झाले. प्रोग्रॅम वाचायला आला, की त्याला हीच प्रत दाखवी. म्हणजे एकाच पत्त्यावरची एकच फाइल दोन माणसांना दोन वेगळ्या मजकुरांची दिसू शकते! ज्याला हे ठाऊक नाही, त्याने अशा बिघाडाचा माग कसा काढावा?

इकडे रीडरही १९९३ चा साधा चष्मा राहिला नव्हता. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून त्यात जावास्क्रिप्ट शिरली, भरता येणारे नमुने आले, पुढे डिजिटल सह्या, चित्रफिती, त्रिमितीय आकृत्या. एवढे सारे करणारा प्रोग्रॅम बरेच काही लक्षात ठेवतो: अलीकडे उघडलेल्या फाइली, विश्वासातली प्रमाणपत्रे, यंत्रावरच्या टंकांची साठवलेली यादी, जोडीला बसवलेले लहान प्रोग्रॅम, सुरक्षेचे पर्याय. यातले पुष्कळसे माणसाच्या घरात साठते. मूळ ठरवलेले छपाईयंत्रही विंडोजमध्ये खात्यागणिक वेगळे असते. म्हणजे दस्तऐवजाचे पहिले पान रंगण्यापूर्वी प्रोग्रॅम त्या माणसाची बरीच जुनी टिपणे वाचून झालेला असतो. पान सगळ्यांसाठी सारखे. त्याआधीचे वाचन प्रत्येकाचे निराळे. एखाद्या टिपणात अर्धवट लिहिलेली ओळ असली, की पानापर्यंत पोचण्याआधीच तो कोसळतो.

टंकांची गोष्टही याच वळणावर आली. २०१८ पासून विंडोजवर एखादा टंक केवळ एका खात्यापुरता बसवता येतो. एका खात्यात बसवलेला देवनागरी टंक शेजारच्या खात्याला दिसत नाही. ज्या पीडीएफच्या पोटात टंक घातलेला नाही, तिची पाने मग एकाच यंत्रावर दोन खात्यांत दोन तऱ्हांनी दिसू शकतात. वॉर्नॉक यांच्या टिपणात यंत्रायंत्रातल्या भेदाचा विचार होता. खात्याखात्यातला भेद तेव्हा क्षितिजावरही नव्हता.

मग २००९ साल उजाडले. त्या फेब्रुवारीत काळ्यापांढऱ्या चित्रांच्या जेबिग२ या संकोचन पद्धतीतील एक खिंडार उघडकीस आले. घडवून पाठवलेली पीडीएफ उघडताच हल्लेखोराचा प्रोग्रॅम यंत्रावर चालू शके. दुरुस्ती मार्चमध्ये आली. डिसेंबरात पुन्हा नवे खिंडार. ज्या स्वरूपावर करखाते, न्यायालये आणि बँका विसंबल्या होत्या, तेच घरफोडीचे हत्यार झाले होते. अभिलेखागारांसाठीच्या पीडीएफ/ए या २००५ च्या मानकाने जावास्क्रिप्टला बंदी घातली होती, टंक पोटात घालण्याची सक्ती केली होती. दीर्घकाळ टिकणाऱ्या कागदाचा विचार करणाऱ्यांना साधेपणाची किंमत आधीच कळली होती, एवढे इथे नोंदवायला हवे.

नोव्हेंबर २०१० मध्ये रीडरची दहावी आवृत्ती ‘प्रोटेक्टेड मोड’ घेऊन आली. कल्पना जुन्या किल्ल्याच्या दिंडी दरवाजासारखी. दस्तऐवज उघडण्याचे जोखमीचे काम आतल्या एका बंदिस्त प्रक्रियेकडे द्यायचे. तिला जवळजवळ कोणतेच अधिकार नाहीत. फाइल लिहायची, काही मागवायचे, तर तिने दारावरच्या पहारेकऱ्याकडे, म्हणजे दुसऱ्या प्रक्रियेकडे, विनंती करायची. पहारेकरी नियम पाहून हो किंवा नाही म्हणणार. हल्लेखोर आत शिरला तरी कोठडीतच अडकावा, हा हेतू.

ही तटबंदी उत्तम होती, पण ती माणसाच्या घराच्या नकाशावर बेतलेली होती. घर नेहमीच्या जागी, नेहमीच्या परवानग्यांसह असेल, तर सगळे ठीक. काही कार्यालयांत मात्र घराचे काही फोल्डर सर्व्हरवर हलवलेले, कुठे दूरस्थ यंत्रावरून पडदा येणारा, कुठे एखाद्या विषाणूरोधक प्रोग्रॅमने मध्येच हात घातलेला. पहारेकऱ्याला अपेक्षित वाट सापडेना. त्याच यंत्रावर ज्याचे घर नेहमीच्या जागी होते त्याला काहीच त्रास नव्हता. ज्याचे घर हलवले होते, त्याच्या खात्यात रीडर उघडेना. प्रोटेक्टेड मोड तुमच्या यंत्राच्या रचनेशी जुळत नाही, तो बंद करून उघडू का, असे रीडर स्वतःच विचारू लागला.

‘हो’ म्हटले की फाइल उघडे. आणि खरा धोका इथेच दडलेला असे. हा पर्याय ‘करंट यूजर’ या खणात लिहिला जातो. ज्याने घाईत तो बंद केला, त्याचे खाते उघडे पडले. शेजारच्याचे सुरक्षित राहिले. आणि कोणाचे दार उघडे आहे हे बाहेरून कळण्याचा मार्ग नाही. तक्रार मिटली, म्हणून नोंदवहीत ‘दुरुस्त’ असा शेराही पडला असेल. दोन वर्षांनी घडवलेली पीडीएफ कोणाच्या खात्यात उघडणार, यावर त्या कार्यालयाचे भवितव्य अवलंबून. तटबंदी तात्पुरती उतरवून कारण तपासणे वेगळे, ती उतरवून विसरून जाणे वेगळे; पुष्कळ ठिकाणी दुसरे घडले.

अशा तक्रारींवर तंत्रज्ञांनी जी रीत बसवली, तिच्यात हा सारा इतिहास उलटा वाचलेला दिसतो. पहिली पायरी: यंत्रावर एक कोरे खाते काढायचे आणि तिथे फाइल उघडून पाहायची. अडोबीच्याही मार्गदर्शनात ही पायरी होती. कोऱ्या खात्यातही प्रोग्रॅम कोसळला, तर दोष सामायिक भागात; मग पुन्हा बसवण्याला अर्थ आहे. कोऱ्या खात्यात उघडला, तर यंत्र आणि फाइल दोन्ही निर्दोष सुटतात, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे ती बाईही सुटते. शोध तिच्या घरापुरता उरतो.

घरात शिरल्यावर जाणता तंत्रज्ञ काही पुसत नाही. रीडर पूर्ण बंद करून तो त्याच्या नोंदींचा फोल्डर नुसता नाव बदलून बाजूला ठेवतो, नावापुढे ‘जुना’ असे काहीतरी जोडून. प्रोग्रॅमला तो सापडत नाही, तेव्हा पहिल्याच दिवशी आल्यासारखा तो नवा फोल्डर तयार करतो. तेवढ्याने भागले नाही, तर रजिस्ट्रीतली त्या खात्याची फांदी आधी फाइलीत उतरवून घ्यायची आणि मग तिचे नाव बदलायचे. मग मूळ छपाईयंत्र बदलून पाहायचे, टंकांची साठवलेली यादी हटवून पाहायची. एका वेळी एकच बदल, कारण दोन बदल एकत्र केले की गुन्हेगार कोण ते कळत नाही. सगळे करूनही यश आले नाही, तर प्रोफाइलच मोडले आहे असे समजून नवे खाते द्यायचे आणि कागदपत्रे तेवढी तिकडे न्यायची. सगळे घर उचलून नेले, तर बिघाडही सामानाबरोबर येतो.

अनुभवी माणसे आणखी एक गोष्ट आधी पाहून घेतात. प्रोफाइल उघडता आले नाही, की विंडोज माणसाला तात्पुरत्या घरात उतरवते आणि बाहेर पडताना ते घर पाडून टाकते. अशा खात्यात केलेली दुरुस्ती संध्याकाळी नाहीशी होते, आणि दुसऱ्या दिवशी सगळे पहिल्यापासून.

ब्राउझर स्वतःच पीडीएफ उघडू लागल्यावर, म्हणजे क्रोमने २०१० मध्ये आणि फायरफॉक्सने २०१३ मध्ये ही सोय दिल्यावर, पुष्कळांची रीडरशी भेटच कमी झाली. ब्राउझरांनी मात्र एकाच खात्याच्या आत आणखी प्रोफाइले काढली आहेत: एक कामाचे, एक घरचे. खोलीत पुन्हा खोली. ‘घरच्या प्रोफाइलमध्ये उघडते, कामाच्या नाही’ ही तक्रार आता तिथेही ऐकू येते.

दुपारच्या पाळीतल्या त्या बाईंच्या खात्यात फोल्डरचे नाव बदलल्यावर फाइल बहुधा पहिल्याच प्रयत्नात उघडते. अलीकडील फाइलींची यादी मात्र कोरी असते आणि मनाजोगती लावून घेतलेली मांडणी मूळपदावर गेलेली असते. ‘जुना’ असे नाव दिलेला फोल्डर शेजारीच पडून असतो. कोणती एक फाइल बिघडली होती ते पाहायला तंत्रज्ञ त्यातल्या फाइली एकेक करून परत आणू शकतो. सहसा तेवढा वेळ कोणाकडे नसतो, आणि तो फोल्डर पुढे कित्येक वर्षे तसाच राहतो.